दुसऱ्या खाणीचा कोळसा

ओतिलिया पिरेकला आमच्या वसाहतीत सगळे तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे वेडी म्हणत. वेडी म्हणायला कारण एकच होतं, आणि ते दरवर्षी ऑक्टोबरात ट्रकमधून उतरून तिच्या दारासमोर ढीग होऊन पडायचं. विकतचा कोळसा.

खाणीच्या गावात राहून कोळसा विकत घ्यायचा म्हणजे नदीकाठच्या माणसाने पाणी विकत आणण्यासारखं. आमच्याकडे खाणीत राबणाऱ्याला खाण वर्षाचा कोळसा देते. तो म्हातारा होऊन घरी बसला तरी देते, आणि तो मेला तर त्याच्या बायकोला देते. यात उपकार कसला? बाप-आजे खाली जाऊन फुप्फुसं काळी करून आले, त्याचं हे देणं. ट्रक येतो, मागचा फाळका पडतो, धडधडत ढीग रस्त्यावर ओततो आणि निघून जातो. मग घरातली झाडून सगळी माणसं फावडी घेऊन बाहेर येतात आणि अंधार पडायच्या आत तो तळघराच्या खिडकीतून आत लोटतात. त्या दिवशी आमच्या वसाहतीत कुणाचा चेहरा ओळखू येत नाही.

ओतिलियाच्या वाट्याचाही ढीग निघायचा. पण तो ती ट्रकवाल्याला परस्पर नन्सच्या बालवाडीत टाकायला सांगायची, आणि स्वतः नदीपलीकडच्या व्यापाऱ्याकडून, तीन गावं ओलांडून असलेल्या दुसऱ्याच खाणीचा कोळसा मागवायची. शाळेच्या स्वयंपाकघरात दिवसभर पातेली ढवळून मिळालेल्या पगारातून.

"नवऱ्याने मिळवून ठेवलेलं सुख दारात चालून येतंय, आणि ही बया त्याला दुसऱ्याच्या दारी पाठवते," शेजारची ब्रिगिदा म्हणायची. ओतिलियाला ऐकू जाईल अशा बेतानेच म्हणायची. "काळा तो काळाच ना गं? का पलीकडचा गुलाबी जळतो?"

"गुलाबी नाही जळत. पण त्यात शेजारणीने नाक खुपसलेलं नसतं," असं म्हणून ओतिलिया खिडकी लावून घ्यायची.

खरं कारण ब्रिगिदाला ठाऊक होतं. सगळ्यांनाच होतं. ओतिलियाचा नवरा एर्विन खाणीत होता. होता म्हणजे अजूनही आहे. त्यांची उर्शुला चार वर्षांची असताना खाली एका भागात आग लागली. त्या भागातले बाकीचे निसटून आले, एर्विन आणि आणखी तिघे आले नाहीत. धूर आणि वायू इतका माजला की खाणीने शेवटी विटांची भिंत घालून तो भागच बंद केला, म्हणजे हवा तुटून आग आपली आपण मरावी. आग मरायला वर्षं लागली. भिंत पुन्हा कुणी उघडली नाही. दफनभूमीत एर्विनच्या नावाचा दगड आहे, त्याच्याखाली कुणी नाही.

एर्विन म्हणजे लांबलचक, ढांगा टाकत चालणारा आणि चर्चमध्ये सगळ्यांच्या मागे उभं राहून सगळ्यांपेक्षा मोठ्याने बेसूर गाणारा माणूस. पाळी संपवून येताना डब्यातला अर्धा पाव तो मुद्दाम उरवून आणायचा. आमच्याकडचे सगळे बाप आणतात. तो पाव म्हणे वाटेत सशाने दिलेला असतो, आणि खाणीच्या धुळीचा वास लागलेला तो वाळका तुकडा पोरांना केकपेक्षा गोड लागतो. आगीनंतर कित्येक आठवडे उर्शुला पाळी सुटायच्या वेळी दारात जाऊन उभी राहायची. शेवटी ओतिलियाने एकदा स्वतःच एक तुकडा फडक्यात गुंडाळून तिच्या हातात दिला. पोरीने तो हुंगला आणि परत दिला.

"हा सशाचा नाही," ती म्हणाली.

त्या दिवशी ओतिलिया जी रडली, तशी नंतर तिला कुणी रडताना पाहिलं नाही.

त्याच हिवाळ्यात तिच्या वाट्याचा पहिला कोळसा आला. चांगला, मोठ्या खड्यांचा, काचेसारखा चकाकणारा. तिने बादली भरून वर आणली, चुलीचं दार उघडलं, एक खडा उचलला आणि तो हातातच राहिला. ज्या जमिनीत आपला माणूस आहे, तिथलं काही या चुलीत जाणार नाही, हे तिला तेव्हाच कळून चुकलं. खाणीचा एक साहेब समजूत घालायला आला होता. भला माणूस होता बिचारा. तो म्हणाला, "अहो बाई, तो भाग केव्हाच बंद झाला. हा कोळसा दुसऱ्या बाजूचा आहे, कितीतरी खालचा." ओतिलियाने शांतपणे ऐकून घेतलं. "साहेब, जमिनीच्या पोटात बाजू कुणी आखून दिल्यात?" एवढंच विचारलं, आणि त्याला कॉफी दिली.

आता गेरार्दबद्दल सांगायला हवं.

आमच्यात रीत अशी की खाणीत गेलेल्याच्या विधवेचा कोळसा त्याच्या टोळीतल्या माणसांनी तळघरात टाकायचा. तिने फावड्याला हात लावायचा नाही. कोळसा आत गेला की टाकणाऱ्याने घरात यायचं, मोरीत हात धुवायचे आणि टेबलाशी बसून पोटभर जेवायचं. गेरार्द चेंपिएल हा एर्विनच्या टोळीतला, त्याच्या लग्नात त्याच्या शेजारी उभा राहिलेला. पहिल्या वर्षी विकतचा ढीग दारात पडला तेव्हा तो काही न बोलता फावडं घेऊन आला. कोळसा कुठल्या खाणीचा, का, असं एका शब्दाने विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत सगळा आत टाकला, फुटपाथ झाडून काढला आणि टोपी हातात घेऊन दाराशी आला.

ओतिलिया दारातच उभी होती, हातात वाडगा घेऊन. ती बाजूला झाली नाही.

गेरार्दने वाडगा घेतला, तळघराच्या पायऱ्यांवर बसून सूप प्यायलं, वाडगा उंबऱ्यावर ठेवला आणि वर आपल्या घरी निघून गेला. त्याचं घर त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर. पुढे चाळीस वर्षांवर हेच चाललं. तो यायचा, टाकायचा, पायरीवर बसून खायचा. त्याची बायको त्रुदा वारली त्या वर्षीही आला. ब्रिगिदा म्हणायची, "कुत्र्यालासुद्धा थंडीत घरात घेतात." यावर मात्र ओतिलियाने तिला कधी उलट उत्तर दिलं नाही.

कारण ती भिंत ज्यांनी घातली, त्या बचाव तुकडीतल्या माणसांत गेरार्द होता. हेही सगळ्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल त्याला कुणी बोल लावत नव्हतं. हुकूम वरून आला होता. खाणीने विधवांना सांगितलं, चौघेही आधीच गेले होते, वायूने, झोपेत गेल्यासारखे. खाण विधवांना नेहमी हेच सांगते. ओतिलियाच्या मनात मात्र एकच प्रश्न रुतून बसला: भिंत घातली तेव्हा एर्विन जिवंत होता का? त्याचं उत्तर देऊ शकणारी मोजकी माणसं होती आणि त्यांतला एक रोज तिच्या डोक्यावरच्या मजल्यावर चालत होता. त्याला घरात घेतलं, समोर बसवलं, तर तोंडून प्रश्न निघून जाईल याची तिला भीती होती. विचारलं की उत्तर मिळणार, आणि मिळालेलं उत्तर परत करता येत नाही.

उर्शुला मोठी झाली, लग्न करून शहरात गेली, तिच्या घरी नळाच्या पाण्यासारखी उष्णता भिंतीतून यायला लागली. "आई, आता तरी त्या माणसाशी नीट बोल किंवा बोलूच नकोस," ती म्हणायची. "कोळसा उगाळावा तितका काळाच. काय मिळणार आहे त्यातून?"

"मी कुठे उगाळतेय? मी तर तोंडातून ब्रसुद्धा काढला नाही," ओतिलिया म्हणायची. ते खरं होतं. पण न बोलता उगाळता येत नाही असं थोडंच आहे?

मग तो हिवाळा आला. पूर्वेकडे युद्ध पेटलं, तिकडून येणारा कोळसा बंद झाला आणि बघता बघता इथलाही दिसेनासा झाला. कोळशाच्या देशात माणसं ट्रक घेऊन खाणींच्या फाटकांबाहेर मुक्काम करू लागली. नदीपलीकडच्या व्यापाऱ्याने आधी उद्या म्हटलं, मग पुढच्या आठवड्यात, आणि शेवटी नोव्हेंबर उजाडल्यावर एक ढीग आणून ओतला. कुठून जहाजातून आलेला होता देव जाणे. अर्धा चुरा, अर्धी माती, मधूनमधून दगड. हातात घेतला तर ओला.

"मावशी, एवढाच आहे. घ्यायचा तर घ्या, रांगेत बाकीचे आहेतच," ट्रकवाला म्हणाला.

"याला कोळसा म्हणायचं?"

"यंदा म्हणायचं."

ढीग पडून राहिला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, फावड्याचा आवाज काही येईना. दुसऱ्या दिवशीही नाही. ओतिलिया खिडकीतून बघत बसली. आधी रागावली, मग उठून बाहेर आली. चाळीस वर्षांत ती गेरार्दचा जिना चढली नव्हती. ती चढली. दार नुसतं लोटलेलं होतं. गेरार्द कोट घालून, टोपी घालून पांघरुणात पडला होता आणि त्याचा श्वास करवतीसारखा वाजत होता. चूल गार. राखेचा डबासुद्धा गार. त्याच्या वाट्याचा कोळसा खाली तळघरात भरून पडला होता, पण तळघरातून बादली वर आणायला पाय तर हवेत!

"ओतिलिया," तो म्हणाला, "तुझा ढीग... उद्या टाकतो."

"टाक हो. आधी जिवंत राहा," ती म्हणाली आणि ॲम्ब्युलन्स बोलवायला ब्रिगिदाकडे धावली.

खाणकामगाराच्या छातीत आयुष्यभराची धूळ असतेच, त्यात न्यूमोनिया. इस्पितळाने तीन आठवडे ठेवून घेतलं आणि मग जागा हवी म्हणून घरी सोडायचं ठरवलं. सोबत सूचना दिली: गारवा नको, धूर नको. गेरार्दचा मुलगा जर्मनीत ट्रक चालवतो. त्याने ब्रिगिदाच्या फोनवर ओतिलियाला गाठलं. "मावशी, मला नाताळाच्या आधी सुटी नाही. आलो की त्यांना घेऊनच जातो, इथे वृद्धाश्रमात सोय केलीय. तोवर वसाहतीत कुणी असेल का हो, दिवसातून दोनदा चूल बघणारं?"

ओतिलियाने मनातल्या मनात हिशेब केला. भिंत घालताना होती त्यांतली बाकीची माणसं एकेक करून गेली होती. हा नाताळला गेला, की तो प्रश्न विचारायला पृथ्वीच्या पाठीवर कुणी उरणार नव्हतं.

"दोन दोन चुली कोण फुंकत बसणार? माझ्याकडे आणा त्याला," ओतिलिया म्हणाली.

ब्रिगिदाच्या हातातली पिशवीच खाली पडली. ती एकटी तेवढी ऐकायला हजर होती, पण संध्याकाळपर्यंत वसाहतीतल्या कबुतरांनासुद्धा बातमी कळली.

ॲम्ब्युलन्सच्या माणसांनी गेरार्दला दोन्ही बाजूंनी धरून आणलं. दारात तो थांबला.

"बूट काढू?" त्याने विचारलं.

"पाय आत टाक. बूट मी काढते."

स्वयंपाकघरातला सोफा तिने चुलीजवळ ओढून ठेवला होता. गेरार्द त्यावर बसला आणि इकडेतिकडे बघू लागला. भिंतीवर एर्विनचा फोटो होता, खाणीच्या काळ्या गणवेशातला, टोपीवर पिसांचा तुरा. गेरार्दने त्याच्याकडे पाहिलं आणि मग त्या भिंतीकडे पाठ होईल असा सरकून बसला.

ते दिवस कसे गेले हे दोघांनाच ठाऊक. बोलणं व्हायचं ते एवढंच: सूप गरम आहे का, गोळी घेतलीस का, ब्रिगिदाचा कुत्रा का भुंकतोय. ओतिलिया रोज सकाळी ठरवायची की आज विचारायचं. बटाटे सोलताना विचारायचं, भांडी विसळताना विचारायचं. आणि मग तोंडातून निघायचं, "मीठ पुरे का?" तोही घास घेता घेता थांबून तिच्याकडे बघायचा, जणू ती विचारेल म्हणून वाट पाहत होता. मग म्हणायचा, "पुरे."

चुलीत तोच ओला चुरा जळत होता. जळत कसला, धुमसत होता. पिवळट धूर, सडक्या अंड्यासारखा वास, धुराड्यात डांबरासारखा थर. ओतिलियाने चुऱ्यातून दगड वेचले, चुरा चुलीमागे वाळवला, लाकडं जास्त घातली. गेरार्द रुमालात खोकायचा आणि रुमाल उशीखाली दडवायचा.

डिसेंबरात, खाणकामगारांची राखण करणाऱ्या संत बार्बारेच्या सणाला, पहाटे असं धुकं उतरलं की समोरच्या इमारतीच्या विटा दिसेनात. अशा हवेत धूर वर जात नाही, धुराड्यातून उलटा खाली येतो. ओतिलियाने सवयीने चूल पेटवली, आणि बघता बघता स्वयंपाकघर धुराने भरलं. गेरार्दला उबळ आली ती थांबेना. ओठ निळे पडले. तिने धावत जाऊन खिडकी उघडली, तर बाहेरची थंडी सुरी घेऊनच आत शिरली. खिडकी लावावी तर धूर, उघडावी तर हीव. आवाज ऐकून ब्रिगिदा अंगावर शाल ओढून आली.

"अगं, मारतेस की काय त्याला? चुलीच्या पोटात घालतेस तरी काय, चिखल?"

"मिळाला तो घालतेय."

"मिळाला तो! खाली त्याचा स्वतःचा ढीग पडलाय तळघरात, नुसते खडे, आरशासारखे! सगळ्या गावाने जीव टाकावा असा!" ब्रिगिदाने गेरार्दच्या पाठीवर हात ठेवला आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "ओतिलिया, मेलेल्यासाठी तू खूप केलंस. हा अजून मेला नाहीये."

ब्रिगिदाच्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा टोमणा नसलेलं वाक्य निघालं होतं. ओतिलियाने गेरार्दच्या कोटाच्या खिशातून तळघराची किल्ली काढली आणि बादली घेऊन खाली गेली.

तळघरात दिव्याचं बटण दाबलं तर ढीग चकाकला. तोच तो. पहिल्या हिवाळ्यात हातात घेतलेला. ती वाकली आणि तिला वाटलं, आपण कुणाच्या तरी अंगावरचं पांघरूण ओढतोय. तिने मनातल्या मनात एर्विनला हाक मारली. काय म्हणायचं ते सुचलं नाही. मग म्हणाली, "गेरार्दला थंडी वाजतेय रे." आणि बादली भरली.

वर येऊन तिने चुलीतला सगळा चिखल काढून टाकला, जाळी साफ केली आणि मोठे खडे खाली रचले. आमच्या आया शिकवतात तसं सरपण वरून ठेवलं आणि वरून काडी लावली, म्हणजे ज्वाळा उतरत खाली येते आणि धूर वाटेतच जळून जातो. कोळसा आधी थोडा तडतडला. मग एका खड्याच्या फटीतून निळसर जीभ निघाली, मग दुसऱ्या, आणि चुलीचं पोट लाल झालं. धुराचा मागमूस नाही. ब्रिगिदाने खिडकी लावली, थोडा वेळ बघत राहिली आणि कुणाचा निरोप न घेता आपल्या घरी गेली.

गेरार्दचा श्वास हळूहळू खाली बसला. गालांवर रंग आला. त्याने चुलीच्या दाराच्या फटीतून आत पाहिलं.

"ओतिलिया, हा आपल्या खाणीचा आहे."

"मला डोळे आहेत."

बाहेरून बँडचा आवाज येऊ लागला. बार्बारेच्या सकाळी खाणीचा बँड वसाहतीतून वाजत जातो, सगळ्यांना उठवत. पूर्वी रस्ता भरून माणसं असत, आता पितळी वाद्यं घेतलेले मूठभर म्हातारे आणि एक ढोल. धुक्यात ते दिसत नव्हते, नुसतेच वाजत होते. ओतिलिया स्टूल ओढून चुलीपाशी बसली. हात काळेच होते. ते पुसायचेही राहून गेले.

"गेरार्द, तुम्ही भिंत घातलीत तेव्हा एर्विन जिवंत होता का?"

गेरार्द दचकला नाही. उलट त्याचे खांदे जरासे सैल पडले.

"आत हवेचा नळ जातो," तो म्हणाला. "त्यावर हातोडीने ठोकायचं असतं. पलीकडे कुणी असेल तर तोही ठोकतो. आम्ही ठोकलं. थांबलो. परत ठोकलं. तीनदा. काही आलं नाही, ओतिलिया. आधीच गेले होते ते."

ओतिलियाने मान हलवली. मांडीवरचे हात तिने एकमेकांत गुंतवले. एवढंच होतं तर. चाळीस वर्षं एवढ्यासाठी. तिला रडू येईल असं वाटलं आणि ती आनंदाने त्याची वाट बघू लागली.

"नाही," गेरार्द म्हणाला.

"काय नाही?"

"हे मी पाठ केलंय. पायरीवर बसून खाताना दरवर्षी पाठ करायचो. तू कधीतरी विचारशील, तर हे सांगायचं." तो थांबला आणि श्वास गोळा करू लागला. "तुझ्या चुलीपाशी बसून नाही सांगवत ते. आम्ही ठोकलंच नाही."

बँड जवळ आला होता.

"हातोडी माझ्याच हातात होती. मुकादम म्हणाला, कुणी ठोकू नका. तो का म्हणाला ते सगळ्यांना कळलं. ठोकलं असतं आणि पलीकडून ठोका आला असता, तर एकानेही वीट उचलली नसती. आणि भिंत झाली नसती तर तासाभरात आग वायूपर्यंत गेली असती. खाली बाकीच्या भागांत दोन पाळ्यांची माणसं होती. ब्रिगिदाचा नवरा होता. तुझा भाऊ होता, विक्टर." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "मी हातोडी खाली ठेवली आणि थापी उचलली. म्हणून मला माहीत नाही. असेल जिवंत. नसेल. मला माहीत नाही, कारण मी माहीत करून घेतलं नाही."

ओतिलिया उठली. तिला त्याचा राग आला, असा की डोळ्यांपुढे काही दिसेना. त्याला तसाच, अनवाणी, धुक्यात हाकलून द्यावं असं वाटलं. एक ठोका! एका ठोक्याला काय लागतं? ती खिडकीपाशी गेली आणि काचेवर काळा हात टेकून उभी राहिली. विक्टर त्या दिवशी वर आला होता. त्याला पुढे तीन मुलं झाली. उर्शुलाच्या लग्नात बापाच्या जागी तोच नाचला. गेल्या वर्षी आपल्या अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात मेला. ब्रिगिदाचा नवरा अजून रोज सकाळी दूध आणतो. ती सगळी माणसं एका न मारलेल्या ठोक्यावर जगली होती आणि तो ठोका हा एकटा छातीत घेऊन फिरत होता. धूळ बाकीच्यांच्याही छातीत होती. हे फक्त याच्या.

बँड खिडकीखालून पुढे गेला. ढोल शेवटपर्यंत ऐकू येत राहिला.

"मी वर जातो," मागून गेरार्द म्हणाला. तो उठायची धडपड करत होता. "ब्रिगिदाला हाक मार. ती नेईल."

ओतिलिया वळली. त्याला दोन्ही खांद्यांना धरून तिने खाली बसवलं, आणि तिच्या हातांचे काळे पंजे त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर उमटले.

"गेरार्द, इकडे बघ. मी तिथे असते तर मीही ठोकलं नसतं."

हे खोटं होतं. ती तिथे असती तर हात फुटून रक्त येईपर्यंत ठोकत बसली असती, सगळी खाण गेली असती तरी ठोकत बसली असती, हे तिला स्वतःबद्दल पक्कं माहीत होतं. पण ते कुणीतरी त्याला म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणण्याचा हक्क असलेलं माणूस जमिनीच्या वर दुसरं नव्हतं.

गेरार्दने तिच्याकडे पाहिलं. तिला ओळखून त्याला आयुष्य झालं होतं, त्यालाही ते खोटं कळलं असणारच. त्याने तिचा हात धरला, तोंडाशी नेला आणि तो लहान पोरासारखा हुंदके देऊन रडू लागला. ओतिलिया त्याला थांब म्हणाली नाही. ती त्याच्या शेजारी सोफ्यावर बसली, आणि तिलाही रडू आलं.